खारा वारा आणि आपोआप बसणारे काँक्रीट

गुहागर तालुक्याच्या उत्तरेस दाभोळची खाडी, दक्षिणेस जयगडची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. या भूमीतील जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची. चिऱ्यात सळई नसते. काँक्रीटच्या पोटात ती असते. खाऱ्या हवेतील क्षार तेथवर झिरपले की सळई गंजून फुगते आणि वरचा थर फुटून गळून पडतो. म्हणूनच भारतीय मानक ४५६ किनाऱ्यावरील परिस्थिती 'तीव्र' समजून सळईवर ४५ मिलिमीटर जाडीचे आवरण सांगते.

परंतु आवरण केवळ जाड असून भागत नाही, ते भरीवही असावे लागते. नेहमीच्या काँक्रीटमध्ये अडकलेली हवा काढण्यासाठी व्हायब्रेटर फिरवावा लागतो. सळयांची दाटी असेल, वीज गेली असेल किंवा अंधार पडण्यापूर्वी काम उरकण्याची घाई असेल, तर तो कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. मग साचा काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. त्यांवर गिलावा चढतो, दोष दृष्टीआड होतो. क्षारांची वाट मात्र मोकळीच राहते.

कुशल कामगारांची टंचाई भासू लागलेल्या जपानपुढेही हाच प्रश्न होता. टोकियो विद्यापीठाचे प्रा. हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ साली स्वतःच्या वजनाने पसरून साचा भरणाऱ्या काँक्रीटची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये त्याचा पहिला नमुना सिद्ध झाला. १९९८ साली खुल्या झालेल्या आकाशी-कायक्यो झुलत्या पुलाचे दोर ज्या प्रचंड ठोकळ्यांत रोवले आहेत, त्यांसाठी ते वापरले गेले. अडीच वर्षांचे ते काम दोन वर्षांत आटोपले.

हे काँक्रीट म्हणजे पाणी ओतून पातळ केलेला माल नव्हे. पाणी वाढले की ताकद घटते आणि खडी तळाशी बसते. येथे पाणी बेताचेच असते. प्रवाहीपणा येतो तो रसायनामुळे, आणि उडत्या राखेसारख्या बारीक भुकटीमुळे खडी तरंगती राहते. शंकूच्या आकाराचे भांडे भरून उचलले की ढीग न राहता सुमारे ५५० ते ८५० मिलिमीटर व्यासाची चकती पसरावी, ही त्याची परीक्षा. भारतीय मानक १०२६२ च्या २०१९ च्या आवृत्तीत त्याच्या मिश्रणाची रीतही दिली आहे.

त्याला खर्च अधिक येतो, साचे अधिक भक्कम लागतात आणि वाळूतील ओलावा थोडा बदलला तरी गणित चुकते. साध्या घराच्या स्लॅबला नीट दाबलेले व पुरेसे पाणी मारलेले नेहमीचे काँक्रीट पुरते. परंतु रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत दाभोळ व जयगड या दोन्ही खाड्यांवर पूल आहेत. खाऱ्या पाण्यातील, सळयांनी गच्च भरलेल्या खांबांत जेथे माणसाचा हात पोचत नाही, तेथे हा वाढीव खर्च पुढच्या डागडुजीपेक्षा स्वस्तच ठरेल.

मात्र त्यामुळे जबाबदारी नाहीशी होत नाही. ती व्हायब्रेटर धरणाऱ्या मजुराकडून मिश्रण ठरविणाऱ्या आणि तपासणाऱ्या अभियंत्याकडे जाते. काँक्रीट आपोआप बसेल. देखरेख आपोआप होणार नाही.