कोणता पिवळा?

दिवाळी अंक घरोघरी पोचतात त्या दिवसांत आमच्या बपेऱ्याच्या शिवारात पाहावे तिकडे एकच रंग असतो. तुमसर तालुक्याच्या टोकाला, बावनथडीच्या काठावरचे हे गाव. नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. राज्य बदलते, पीक बदलत नाही. दोन्हीकडे धान. त्या दिवसांत नागपूरहून पाहुणा आला की धुऱ्यावर उभा राहून हमखास म्हणतो, "काय पिवळंधमक झालंय सगळं!" गावातला माणूस यावर काही बोलत नाही. त्याच्या मनात वेगळा प्रश्न असतो : कोणता पिवळा?

हा प्रश्न मला कळला तो नुकसान करून. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुटीवर आलो होतो. बाबा तापाने अंथरुणावर होते. खालच्या बांधीतले भारी धान कापणीला आले का, एवढे पाहून यायला त्यांनी मला सांगितले. मी सायकलवरून गेलो, रस्त्यावरूनच पाहिले, पिवळे दिसले. परत येताना मजुरांना उद्याचा निरोपही देऊन टाकला. धानाची लोंबी टोकाकडून पिकत खाली येते, हे मला ऐकून ठाऊक होते. पण रस्त्यावरून दिसतात ती सगळी टोकेच, हे मात्र डोक्यात आले नाही. लोंबीच्या बुडाचे दाणे अजून हिरवे होते. गिरणीतून तांदूळ आला तो पोटात खडूसारखा पांढुरका, आणि कनकीच जास्त. बाबांनी मूठभर तांदूळ तळहातावर पसरला आणि एवढेच विचारले, "कोनता पिवरा पायलास तू? वरचा का खालचा?"

आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही. तिथे 'र' येतो. म्हणून पिवळा तो पिवरा. शेजारच्या पोवार घरांत पोवारी बोलतात, तिथे तोच 'पिवरो' होतो. उच्चार तीन, शब्द एक. यावरूनच एक तक्रार नेहमी ऐकू येते, की मराठीत पिवळ्याला शब्दच कमी आहेत. रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डावर पिवळ्याचे पन्नास चौकोन, प्रत्येकाला नाव आणि नंबर. आणि आपल्याकडे काय, तर फिकट पिवळा, गडद पिवळा. ही तक्रार मला अर्धवट वाटते. साडीच्या दुकानात आपल्याकडेही लिंबू, हळदी, मोतिया, चाफेकळी, बसंती ही नावे आहेतच. पण ती निवडीची नावे. चाफेकळीऐवजी मोतिया घेतला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. माझे कुतूहल वेगळ्या पिवळ्यांविषयी आहे. जिथे एक पिवळा दुसऱ्यासारखा समजला तर किंमत मोजावी लागते, तिथे लोक काय करतात? अशा ठिकाणी कधी वेगळा शब्द तयार झालेला दिसतो, कधी उपमा, आणि बहुतेक वेळा शब्दाऐवजी एखादी परीक्षा.

आधी शब्दाविषयी थोडे. 'पिवळा' हा संस्कृत 'पीतल'वरून प्राकृतातल्या 'पीअल'मार्गे आपल्याकडे आला. 'पिवळाजर्द' म्हणताना मात्र आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो, कारण फारसीत 'जर्द' म्हणजेच पिवळा. जरदाळूतला 'जरद' तोच, तंबाखूचा जर्दाही तिथूनच आलेला. त्याहून जुनी गंमत 'हरि' या शब्दात आहे. वैदिक भाषेत तो पिवळ्यालाही चालतो आणि हिरवटालाही. 'हरित' त्याच कुळातला, सोन्याचे 'हिरण्य'ही त्याच कुळातले. बर्लिन आणि के या अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली अनेक भाषांतील रंगनामे ताडून पाहिली. त्यांच्या मते भाषांमध्ये काळा, पांढरा आणि तांबडा यांच्यानंतर पिवळ्याची पाळी येते आणि तोही हिरव्याच्या आगेमागे येतो. यावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण ज्याने पऱ्ह्यांपासून कापणीपर्यंत धान पाहिले आहे त्याला हिरवा आणि पिवळा एका शब्दात नांदले याचे नवल वाटणार नाही. हिरवा कुठे संपतो, हे त्यालाही नेमके सांगता येत नाही.

आणि शेतकऱ्याची खरी अडचण इथेच असते. रोवणीनंतर महिनाभरात बांधीत पिवळेपणा दिसला तर तो पिकल्याचा नव्हे, उपाशी असल्याचा. त्यातही दोन प्रकार. बुडाची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी पडले आहे, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते. उलट शेंड्याचे कोवळे पान पिवळे आणि बुड हिरवे असेल तर गंधक किंवा लोह यांची शंका घ्यावी; ही द्रव्ये झाडाला अशी सहज हलवता येत नाहीत. वरून पाहणाऱ्याला दोन्ही बांध्या सारख्याच पिवळ्या. दुसरीत युरियाची गोणी रिकामी केली तर पैसा गेला, आणि लुसलुशीत झालेल्या पिकावर रोग-कीड आली ती वेगळीच. पानाच्या टोकापासून दोन्ही कडांनी नागमोडी उतरत येणारा पिवळा हा कडा करप्याचा. तो पुढे वाळल्या तणसासारखा होतो. आणि पीक भरात असताना बांधीच्या मधोमध गोल खळ्यासारखा पिवळा डाग पडून तो पसरत गेला, तर वाकून बुंध्याशी पाहावे, तुडतुडे सापडतील. हे सगळे ओळखायला रंगाचे नाव पुरत नाही. पिवळेपणा कुठून सुरू झाला आणि कुठे निघाला आहे, ते पाहावे लागते. बाबांच्या 'वरचा का खालचा'चा अर्थ मला फार उशिरा लागला.

शास्त्रज्ञांनीही यासाठी शेवटी शेडकार्डच काढले. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची प्लॅस्टिकची पट्टी मिळते. तिच्यावर पिवळट पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत चार रंग असतात. धानाचे पान तिच्यावर धरायचे आणि पान ठरल्या रंगापेक्षा फिके पडले तरच युरिया द्यायचा. एक सूचना मला विशेष आवडते : पान स्वतःच्या सावलीत धरून पाहावे, कारण थेट उन्हात रंग फसवतो.

धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी फेकण्याची आमच्याकडची जुनी रीत. कापणीनंतर राहिलेल्या ओलीवर ती वाढते, फार काही मागत नाही. तिची डाळ पिवळी. तूर, हरभरा आणि लाखोळी या तीन डाळी शेजारी ठेवल्या तर रंगावरून तिसरी वेगळी काढणे कठीणच. त्यामुळेच ती महागड्या तूरडाळीत मिसळली जाई. लाखोळीत मज्जातंतूंवर परिणाम करणारे एक द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्महिने मुख्यतः तीच खाल्ली तर माणसाचे पाय लुळे पडतात. १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढे नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध दीर्घ लढा दिला, आणि महाराष्ट्राने २००८ साली बंदी उठवली. गरिबाच्या ताटातली इतर अन्नाबरोबरची थोडी लाखोळी आणि दुष्काळातली निव्वळ लाखोळी यांत फरक आहे, असे मलाही वाटते. भिजवून आणि उकळून पाणी टाकले की त्यातले विष बरेच कमी होते. मात्र डाळ ओळखताना आमच्या आजीचा डोळा रंगावर कधीच नसे. ती दाणा चिमटीत फिरवून पाही. तुरीचा गोल भरतो, लाखोळीचा एका अंगाने कुऱ्हाडीसारखा उतरता लागतो. पिवळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा तिने डाळीवरून घेतलेला होता.

तरी एकदा तीही फसली.

माझ्या बहिणीचे पहिले बाळंतपण बपेऱ्यालाच झाले. तेल, बेसन आणि हळद लावून बाळाला रोज न्हाऊ घालत. चौथ्या दिवशी बाळ सारखे झोपू लागले, दूध ओढेना. अंग पिवळे दिसत होते, पण ते दिसणारच, हळद लावलेली! (भंडारा जिल्ह्याचे म्हटल्यावर पुण्याकडचे लोक जेजुरीच्या भंडाऱ्यावरून विनोद करतात; त्या आठवड्यात आमच्या घरी तो विनोद खरा झाला होता.) पाहायला आलेल्या नर्सबाईंनी बाळाला दारात, उजेडात आणले. ओल्या फडक्याने कपाळ पुसून अंगठ्याने क्षणभर दाबले आणि सोडले. मग छाती, मग पोट, मग तळपाय. अंगठा उचलला की रक्त बाजूला सरलेली जागा पांढुरकी दिसायला हवी, ती तळपायाशीही पिवळीच दिसत होती. "ही हळद नाही," एवढेच त्या म्हणाल्या. त्याच दुपारी बाळाला भंडाऱ्याला हलवले. दोन रात्री ते निळ्या दिव्याखाली होते.

त्या अंगठ्यामागे मोठा हिशेब आहे हे मी नंतर वाचले. नवजात बाळाची कावीळ चेहऱ्यावरून सुरू होते आणि रक्तातले बिलिरुबिन वाढत जाईल तशी पायांकडे उतरते. हा क्रम १९६९ साली क्रेमर या अमेरिकी डॉक्टरांनी मोजून मांडला. निळ्या दिव्याची कथा त्याआधीची. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. १९५०च्या दशकातली गोष्ट. ऊन असेल त्या दिवशी त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग फिके झाले होते, फक्त चादरीचा कोपरा पडला होता तेवढा तिकोनी भाग गडद पिवळा राहिला होता. त्यांनी वर रंग फासला की काय, असे डॉक्टरांना आधी वाटले! यातून संशोधन होऊन १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लेख आला. त्याचे पहिले लेखकही क्रेमरच, पण वेगळे. नावांचा उच्चार जवळजवळ एक. बिलिरुबिन पिवळे दिसते ते निळा प्रकाश शोषून घेते म्हणून, आणि तोच शोषलेला प्रकाश त्याचे रूप बदलून त्याला शरीराबाहेर पडायला वाट करून देतो. पिवळ्यावर निळा हा उतारा असा आहे. (म्हणून कोणी बाळाला घरच्या उन्हावर सोपवू नये, दिव्याची मात्रा मोजून दिलेली असते.)

आपल्याकडे हा फरक जुना आहे. चरकसंहितेत पांडू आणि कामला हे विकार जोडून येतात; आपली 'कावीळ' ती कामलाच. पांडूत माणूस फिका पडतो. कामलेत डोळे, कातडी, नखे, तोंड हळदीसारखे होतात. डोळे आधी सांगितले आहेत हे ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण हळद कातडीवर चढते, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यावर चढत नाही. पण हळदीची उपमा देऊनही चरकाचे समाधान झालेले दिसत नाही. रोग्याचा वर्ण बेडकासारखा होतो, असेही तो म्हणतो. शहरातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल, कारण बेडूक मातकट असतो. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री आमच्या बांधीवर यावे. मोठ्या बेडकांचे नर त्या काही दिवसांपुरते लिंबासारखे पिवळेजर्द होतात, गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवतात आणि गाव जागे ठेवतात. अंगातूनच फुटलेला, वरून न लावलेला पिवळा कसा असतो, हे सांगायला याहून नेमकी उपमा मला सुचत नाही.

लावलेल्या पिवळ्याची गोष्ट वेगळी, तो हलतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच. पळसाची फुले उकळली की पाणी पिवळे होते आणि त्यात चिमूटभर चुना पडला की केशरी. होळीला आम्ही पोरे हा खेळ करीत असू. पुढे हेच दोन रंग सरकारी कागदावर भेटले. १ मे १९९९पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळी, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. पिवळा आणि केशरी हे डोळ्यांना सख्खे शेजारी, पण त्या दोहोंमधल्या रेषेवर स्वस्त धान्य मिळणार की नाही ते ठरू लागले. आमच्याकडे अजूनही माणसाची ओळख 'तो पिवळ्या कार्डाचा' अशी करून देतात. तिथे मात्र 'कोणता पिवळा' असे कोणी विचारत नाही.

बाबा आता नाहीत. बांधी पुतण्या करतो, मी नागपुरात असतो. मागच्या आठवड्यात त्याने मोबाइलवर फोटो पाठवला, खाली लिहिले होते, "काका, झालं, उद्या मजूर लावतो." फोटोत शिवार सोन्यासारखे दिसत होते. मोबाइल पिवळ्याला आपल्या मनाने उजळ करतो, हे मला आता ठाऊक आहे. मी त्याला फोन करून म्हटले, मधल्या भागात शिर, लोंबीच्या बुडाचे दाणे घे आणि दाताखाली धर. पाऊण तासाने त्याचा फोन आला.

"कट् वाजत नाही काका. दुधाळ आहेत थोडे."

"मग?"

"चार-पाच दिवस थांबतो."

बालाघाटाकडे ढग आहेत का, तेही मी विचारून घेतले. कापून कडपा पसरल्या आणि त्या भिजल्या, तसेच ओले पुंजणे रचले, तर आत ऊब धरून तांदळाचा दाणाच पिवळा पडतो. तो पिवळा गिरणीत कितीही पॉलिश केला तरी जात नाही.

ढग नव्हते.