चावी कुरिअरने येत नाही

गोकुळधाम, नागरी निवारा, फिल्म सिटी रोड या मुंबईतल्या दिंडोशीच्या पट्ट्यात कुणाचं कंपनीतर्फे परदेशी, म्हणजे ऑनसाइट, जाणं ठरलं, की व्हिसाच्या पाठोपाठ एक सल्ला हमखास येतो. "घर इथूनच पक्कं करून जा. बायकामुलांना घेऊन तिथे कुठे हिंडत बसणार?" सल्ल्यामागे माया असते, हे मान्य. पण सल्ला चुकीचा आहे आणि फार महागात पडू शकतो.

हाच माणूस दिंडोशीत वन बीएचके भाड्याने घेताना काय करतो पाहा. पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात भिंत पाझरते का, फ्लॅट नक्की कुणाच्या नावावर आहे, हे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना विचारतो आणि मगच टोकन देतो. म्युनिकचं घर मात्र चार फोटो पाहून ठरतं! डिपॉझिट परक्या माणसाच्या खात्यात जातं, आणि त्या माणसाशी साधं बोलणंही झालेलं नसतं. मला यामागे एक कारण दिसतं. मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेमुळे इथल्या कितीतरी कुटुंबांना हक्काचं घर मिळालं. त्या घरांत वाढलेल्या अनेकांनी भाड्याचं घर कधी शोधलेलंच नसतं. पहिला अनुभव थेट परदेशातला, तोही इथून, मोबाइलवर.

फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. मोक्याच्या जागी प्रशस्त, सजवलेलं घर आणि भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी. मालक म्हणे सध्या दुसऱ्याच देशात असतो, त्यामुळे घर दाखवता येत नाही. डिपॉझिट भरा, चावी कुरिअरने येईल, घर आवडलं नाही तर पैसे परत. कधी एखाद्या नावाजलेल्या बुकिंग कंपनीसारखं दिसणारं बनावट पान पाठवतात. पासपोर्टची प्रतही मागतात, आणि पुढच्या माणसाला फसवताना 'मालकाचा पुरावा' म्हणून तीच पुढे करू शकतात. जर्मनी आणि ब्रिटनमधले पोलिस याबद्दल वर्षानुवर्षं सावध करत आहेत. तरी उत्तर ठरलेलं : "पण त्यांनी करार पाठवलाय ना!" अहो, करार कुणीही टाइप करतो.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. जर्मन नागरी संहितेच्या कलम ५५१ नुसार घरभाड्याचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं असतं. भाडेकरू ते तीन समान मासिक हप्त्यांत देऊ शकतो आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो. म्हणजे घर न दाखवता, महिनाभर आधी सगळी रक्कम मागणारा मालक कायद्याच्या आधाराने बोलत नाही. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून वार्षिक भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतंच घेता येतं, आणि घर राखून ठेवण्याची रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापुरती. शिवाय तिथे भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे की नाही, हे करारापूर्वी तपासणं मालकावर बंधनकारक आहे. तुमच्या व्हिसाची चौकशीच न करणाऱ्या 'मालका'चा संशय यायला हवा.

"पण मुलांच्या शाळेला पत्ता लागतो," हा पुढचा मुद्दा. लागतो, आणि म्हणूनच घर न बघता घेऊ नये. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेच्या प्रवेशात घरापासूनचं अंतर हा मोठा निकष असतो. चुकीच्या भागात अडकलात, तर शाळाही त्याच भागातली. त्यापेक्षा कंपनीकडे पहिल्या महिन्यापुरती राहण्याची सोय मागा. नाही मिळाली तर छोटं तात्पुरतं घर घ्या आणि तिथे राहून शोधा. जर्मनीत मात्र तात्पुरतं घर घेतानाही एक प्रश्न विचाराच : पत्ता नोंदवायला मालकाचा दाखला मिळेल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करावी लागते, आणि तिच्याशिवाय टॅक्सच्या क्रमांकापासून पुढची कामं रखडतात. अगदीच आधी घर ठरवायचं असेल, तर तिथल्या ओळखीच्या कुणाला तरी ते प्रत्यक्ष पाहून यायला सांगा. मराठी मंडळं बऱ्याच शहरांत आहेत, लंडनचं तर १९३२ पासून. मालक मराठी आहे एवढ्यावर मात्र विसंबू नका. गोड मराठी बोलणारे ठगही असतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जर्मन जाहिरातीतल्या तीन खोल्या म्हणजे थ्री बीएचके नव्हे : हॉल त्या तिनांत मोजतात, स्वयंपाकघर मोजत नाहीत, त्यामुळे ते आपलं टू बीएचके. आणि त्या स्वयंपाकघरात ओटा-सिंकही नसण्याची शक्यता धरून चाला. भाड्यात सगळं आलं असंही नाही. जर्मनीत मूळ भाडं वेगळं, हीटिंग-पाण्यासकटचं वेगळं आणि वीज बहुधा त्याहून वेगळी. इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स सहसा भाडेकरूच भरतो. एजंटला महिन्याचं भाडं सगळीकडे द्यावं लागतं, हेही खोटं. जर्मनीत १ जून २०१५ पासून ज्याने एजंट नेमला तोच पैसे देतो. दुबईत मात्र ते भाडेकरूकडूनच जातात.

अकरा महिन्यांचा करार तर आपलीच खासियत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून ही पळवाट निघाली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने ती बंद केली, तरी लोक अजून अकराच धरून आहेत. मागे राहणारा दिंडोशीतला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सने देणार असाल, तर करार कितीही महिन्यांचा असो, तो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची, म्हणजे तुमची. जर्मनीत बहुतेक करारांना मुदतच नसते, भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते.

आणि पैसे पाठवून बसला असाल, तर लाजेपोटी वेळ घालवू नका. आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.