समोर पूर्वीचा नवरा, तोही वकील

नेसरीला माहेरी परतलेल्या एखाद्या बाईला समन्स येतं. पूर्वीच्या नवऱ्याने पोटगी कमी करून मागितलेली असते, आणि तो गडहिंग्लजच्या कोर्टात वकिली करत असतो. अशा वेळी धास्ती कायद्याची कमी आणि आवाराची जास्त वाटते. बेलीफ त्याला नमस्कार करतो, बाररूममध्ये त्याची ऊठबस असते. आपलं तिथे कोण आहे? ही धास्ती खरी आहे. पण त्याचा हा वरचष्मा बहुतेक तोंडी कारभारात चालतो. गोष्ट कागदावर आली की तो कमी होत जातो.

आधी समन्सवर न्यायालयाचं नाव वाचा. कोल्हापुरात कौटुंबिक न्यायालय आहे, पण अशा न्यायालयाची हद्द सरकार अधिसूचनेने ठरवतं. हद्दीबाहेर हिंदू विवाह कायद्याचे दावे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. हा फरक महत्त्वाचा आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 प्रमाणे तिथे कोणालाच हक्क म्हणून वकील लावता येत नाही, परवानगी घ्यावी लागते. समोरचा स्वतः वकील असल्याने ही समानता नावापुरतीच उरते. म्हणून पहिल्याच तारखेला हे कारण लिहून वकिलाची परवानगी मागावी. न्यायालयाला स्वतःहूनही न्यायमित्र नेमता येतो.

वकील मिळवणं हीच खरी अडचण असते. ‘आमच्यातलाच आहे, नको’ असं उत्तर मिळतं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकील जिथे वकिली करतो तिथलं काम त्याने योग्य फीवर घ्यायला हवं, विशेष कारण असेल तरच नकार देता येतो. अमुक पक्षकाराचं वकीलपत्र कोणी घेऊ नये असे बारचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बेकायदा ठरवले. तरीही मन नसलेला वकील गळ्यात बांधून घेण्यापेक्षा कोल्हापूरचा किंवा दुसऱ्या तालुक्याचा वकील बघावा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा कोल्हापूरच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, नाहीतर 15100 वर फोन करावा. पोटगी आणि घटस्फोटाच्या कामात महाराष्ट्रात बाईला कोर्ट फीही माफ आहे.

आता तारखेचा दिवस. पुकारा होतो आणि समोरून मुदतीचा अर्ज येतो. त्यावर तुमचं म्हणणं विचारलं जातं. मान हलवून गप्प बसू नका. अर्जावरच लिहा: ‘हरकत आहे. यापूर्वीही मुदत घेतली आहे. तहकुबीचा खर्च मिळावा.’ खाली सही करा. अर्जाला निशाणी पडते आणि झालेलं काम रोजनाम्यात जातं. दिवाणी प्रक्रिया संहिता एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं सांगते. या तहकुबी मोजायच्या तर रोजनाम्याची नक्कल हाताशी हवी. प्रत मिळाल्याची सही करण्याआधी पानं मोजा. व्हरांड्यात कोणी पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, पुढे करून ‘फक्त सही कर’ म्हणालं तर ती घरी आणून वाचल्याशिवाय सही करू नका, तो तुमच्या मुलांचा बाप असला तरी.

उत्पन्नाच्या प्रश्नावर मात्र वेळ घालवावा, कारण वकिलाला पगारपत्रक नसतं. रजनेश विरुद्ध नेहा हा खटला नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायलाच हवं असं ठरवलं. त्याचं शपथपत्र आलं की आयकर विवरणपत्र शेजारी ठेवून वाचा. छोट्या व्यावसायिकांच्या सोयीत वकिलाला जमा फीच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. म्हणजे विवरणपत्रात 6 लाख दिसत असतील तर जमा 12 लाखांची असू शकते. बँकेचे उतारे हजर करायला लावण्याचा अर्ज द्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. ‘माझ्याकडे काम नाही’ म्हणणाऱ्याला उलटतपासात ती यादी दाखवता येते. स्वतःच्या दाव्यात तो पक्षकार आहे, म्हणून पुरावा द्यायचा तर त्यालाही पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

तो स्वतःच तुमचा उलटतपास घ्यायला उभा राहिला तर? इंग्लंडमध्ये 2021 च्या घरगुती अत्याचार कायद्याने अनेक प्रकरणांत अशा समोरासमोरच्या उलटतपासावर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, आणि ती असायला हवी असं मला ठामपणे वाटतं. पण भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 प्रमाणे अश्लील किंवा केवळ अपमानासाठी विचारलेले प्रश्न न्यायाधीश थांबवू शकतात. उत्तर देताना त्याच्याकडे नव्हे, न्यायाधीशांकडे बघा. फोनवर जपून बोला. पती-पत्नीचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये म्हटलं आहे.

इतकं करूनही त्याच आवारात न्याय मिळेल असं वाटत नसेल, तर दावा दुसरीकडे वर्ग करण्याचा अर्ज करता येतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दिवाणी दावा हलवायचा तर हा अर्ज जिल्हा न्यायालयात करावा. कौटुंबिक न्यायालयातून किंवा जिल्ह्याबाहेर न्यायचा तर उच्च न्यायालयात. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच बसतं. अर्जात ‘तो वकील आहे’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला काय घडलं ते रोजनाम्याच्या नकलेसह मांडावं लागतं.