पांढरं सोनं, वाघ आणि धबधबा: हौशी छायाचित्रकारांचे तीन प्रश्न

यवतमाळच्या शेतात वेचलेल्या कापसाच्या ढिगाचा फोटो करडा का येतो?
कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम उजळ आहे असं धरून चालतो. चौकट पांढऱ्याने भरली, की तो प्रकाश कमी घेतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. मोबाइलवर ढिगावर बोट टेकवा आणि उजेड वाढवा. कापसाचे तंतू दिसेनासे झाले, तर थोडं खाली या.

टिपेश्वर अभयारण्यात पहाटे चालता वाघ पुसट येतो. काय करावं?
शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यायला कचरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला मात्र नंतर सुधारत नाही. जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगा. फ्लॅश अजिबात नको.

सहस्रकुंड धबधब्यावर पैनगंगेची धार दुधाळ कशी टिपायची?
ट्रायपॉड लावा, आयएसओ १०० आणि शटर १/४ सेकंद ठेवा, टायमरने फोटो काढा. ढगाळ सकाळ उत्तम. ऊन असेल तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा. पावसाळ्यात खडक निसरडे होतात, म्हणून काठापासून लांबच उभे राहा. फोटोपेक्षा जीव मोलाचा.