बंदी मोबाईलवर, की मुलीवर?

दावतीची जेवणं आटोपली होती. दस्तरखान उचलला गेला आणि सगळे चहाची वाट पाहत बसले. टीव्हीवर बातमी सुरू होती, ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवायला मनाई झाल्याची. खालूंनी लगेच सगळ्यांचे लक्ष वेधले. "पाहा, त्या लोकांनाही शेवटी कळलं. आपल्याकडे कधी कळणार?"

कोणी म्हणाले, सरकारने कडक कायदा करावा. कोणी म्हणाले, कायदा कशाला, नेटच बंद करा. त्यावर किराणा दुकान चालवणारे चाचा हसले. "नेट बंद झालं की माझा गल्लाही बंद. निम्मं गिऱ्हाईक फोनवरूनच पैसे देतं." मग एक खाला समाधानाने म्हणाल्या, "आम्ही तर दहावी झाल्याबरोबर पोरीचा मोबाईल काढूनच घेतला. झंझट नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचा मुलगा कोपऱ्यात बसून मोबाईलवर खेळत होता. त्याने मान वर केली नाही, आणि त्याला कोणी काही विचारलेही नाही. मुलगी चहाचा ट्रे ठेवून आत निघून गेली.

अशा गप्पा आज घरोघरी होतात. त्यामागची काळजी खरी आहे. आई-बापांची झोप उडावी असे बरेच काही त्या छोट्या पडद्यावर आहे. पण आपण बातमी एक ऐकतो आणि घरात नियम दुसराच लावतो.

बातमीत काय होते?

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने हा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा मंचांवर सोळा वर्षांखालील मुलांचे खाते असू नये, ही जबाबदारी त्या कायद्याने कंपन्यांवर टाकली. पावले न उचलणाऱ्या कंपनीला सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला किंवा त्याच्या पालकांना कोणतीही शिक्षा नाही. मोबाईल वापरण्यावर बंदी नाही. आणि मुलगा-मुलगी असा भेद तर त्यात कुठेच नाही.

आपल्याकडचा ताजा कायदाही पाहा. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदी घातली. जुगार आपल्या दीनमध्ये हराम आहे, तेव्हा या कायद्याचे आपल्या घरांत स्वागतच झाले. पण त्यातही शिक्षा आहे ती असा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्याला. खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलेले नाही.

मुलांच्या माहितीबाबतही तेच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, त्यांच्यावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असे तो कंपन्यांना सांगतो.

म्हणजे कायदा धंदा करणाऱ्याला आवरतो. आपण मात्र घरात मुलीला आवरतो आणि ते काम झाले असे समजतो.

फोन नाही, तर काय काय नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. देशातल्या सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. ही दरी कशी तयार होते हे त्या खालांच्या एका वाक्यात आहे.

आज अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, सीईटीचा फॉर्म ऑनलाइन, निकाल ऑनलाइन, कॉलेजची सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. मुलगी सायबर कॅफेत अर्ज भरायला बसते आणि ओटीपी येतो भावाच्या फोनवर. भाऊ कामावर. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी अर्जाची तारीखच निघून गेलेली असते. मग आपणच म्हणतो, "पोरीला शिकण्यात रस नाही."

केरळमध्ये एका मुलीने हा प्रश्न थेट न्यायालयात नेला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल जमा करण्याचा नियम होता. बी.ए. करणाऱ्या एका मुस्लिम विद्यार्थिनीने तो मान्य केला नाही. अभ्यासाचे साहित्य मोबाईलवर आहे, तर अभ्यासाच्या वेळेतच तो का काढून घेता, असे तिचे म्हणणे होते. तिला वसतिगृहातून काढले गेले. तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घ्यावे. वसतिगृहाची शिस्त राखावी, पण तिच्या नावाखाली शिकण्याचे साधन हिरावू नये, हा त्या निकालाचा गाभा होता. त्या निकालाइतकेच मोलाचे मला वाटते ते तिच्या वडिलांचे वागणे. मुलीचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले होते.

"नेटच बंद करा" म्हणताना

नेट बंद झाल्यावर काय होते, हे कोल्हापूरने जून २०२३ मध्ये पाहिले. सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहरात तणाव झाला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. शांतता राखायला सरकार हे पाऊल उचलते. पण त्या काळात घरी बसून काम करणारा, ऑनलाइन परीक्षा देणारा, फोनवर पैसे घेणारा भाजीवाला, सगळेच अडकतात. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली सेवा पूर्ण वेगाने सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की अनिश्चित काळासाठी नेट बंद ठेवता येणार नाही, आणि बंदीचा आदेश जाहीर करावा लागेल.

"कडक कायदा करा" या मागणीचाही एक धडा आपल्या महाराष्ट्रातच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या आणि दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ होते. 'त्रासदायक' मजकूर लिहिणे हा त्यात गुन्हा होता, पण त्रासदायक म्हणजे काय हे कायद्याने सांगितलेलेच नव्हते. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. मोघम कायदा कोणावर पडेल हे आधी सांगता येत नाही, आणि बहुतेक वेळा तो दुबळ्यावर पडतो. घरातल्या मोघम नियमाचेही तसेच असते.

ती गप्प का राहते?

मग कायदा नकोच का? हवा, पण जिच्यावर अन्याय झाला तिच्या बाजूने उभा राहणारा हवा.

१ जानेवारी २०२२ रोजी देशातल्या शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे एका अ‍ॅपवर 'लिलावाला' मांडली गेली. त्यात पत्रकार होत्या, वकील होत्या, कार्यकर्त्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी, जुलै २०२१ मध्ये, असेच एक अ‍ॅप आले होते आणि तेव्हा तक्रारी होऊनही बरेच दिवस कोणाला अटक झाली नव्हती. या वेळी त्या स्त्रिया पुन्हा उभ्या राहिल्या, नावानिशी तक्रारी दिल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने काही दिवसांतच पहिल्या अटका केल्या. पकडले गेलेल्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. त्यानंतर जुलैमधल्या अ‍ॅपच्या प्रकरणातही दिल्ली पोलिसांनी अटक केली.

त्या शिकलेल्या, कामावर जाणाऱ्या, बोलू शकणाऱ्या स्त्रिया होत्या. आता आपल्या मोहल्ल्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीचा विचार करा. शाळेच्या कार्यक्रमातला तिचा फोटो कोणी उचलला, त्याला भलतेच धड जोडले आणि धमकी दिली, तर ती कोणाला सांगेल? अम्मीला सांगितले तर फोन जाईल. अब्बांना कळले तर कॉलेज जाईल. भावाला कळले तर मारामारी होईल. हे गणित तिला पाठ असते, म्हणून ती गप्प राहते. धमकी देणाऱ्यालाही ते पाठ असते. त्याचे खरे हत्यार तो फोटो नसतो, आपल्या घरातली भीती असते.

सूरह अन-नूर काय शिकवते?

मदिनेत हजरत आयशा (र.अ.) यांच्यावर खोटा आळ घेतला गेला, तेव्हा तो तोंडातोंडी पसरला. जवळजवळ महिनाभर त्या दुःखात होत्या. पवित्र कुरआनच्या सूरह अन-नूरने त्यांना निर्दोष ठरवले, आणि ऐकताक्षणीच चांगला विचार का केला नाहीत, असे ईमानवाल्यांना खडसावले. पवित्र स्त्रीवर आरोप करणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, नाहीतर तोच शिक्षेला पात्र, हा नियमही याच सूरहमध्ये आहे. पुराव्याचा भार स्त्रीवर टाकलेला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणा मुलीचा व्हिडिओ 'बघा, समाज कुठे चाललाय' म्हणून पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे आठवावे. न तपासता पुढे पाठवणारा नुसता टपाल्या राहत नाही, तो त्या आळात भागीदार होतो.

याच सूरहमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय जाऊ नका, अशी शिकवण आहे. स्वतःच्या घरातही ठराविक तीन वेळी मुलांनी विचारून आत यावे, असे सांगितले आहे. खासगीपणाची एवढी कदर आपल्या दीनने केली आहे. आणि नजर खाली ठेवण्याचा आदेश याच सूरहमध्ये आधी पुरुषांना आहे, त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांना. मोबाईलच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केला. कोपऱ्यात बसलेल्या त्या मुलाला कोणी काही विचारले नाही, ते त्यामुळेच.

घरात करण्याजोगे

पहिले म्हणजे, नियम सगळ्यांना सारखा. रात्री ठराविक वेळेनंतर सगळे फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. मुलाचा, मुलीचा, अब्बांचाही. वयाप्रमाणे नियम बदलावेत, मुलगा की मुलगी हे पाहून नव्हे.

दुसरे, मुलांना आधीच शब्द द्या. "तुझ्याकडून चूक झाली असली तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही." हा शब्द पाळला गेला पाहिजे. एकदा मोडला की मूल पुन्हा सांगायला येणार नाही.

तिसरे, तक्रारीची वाट माहीत असू द्या. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातातून निसटतात. स्त्रिया आणि मुलांशी संबंधित गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही माहिती देता येते. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. छायाचित्रात फेरफार करून बदनामी झाली तर संबंधित कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. अशा मजकुरावर कारवाईसाठी २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घालून दिली होती. पोलीस ठाणे हद्दीचे कारण सांगू लागले तर 'झिरो एफआयआर'चा आग्रह धरा. गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते.

चौथे, पुरावा पुसू नका. घाबरून मेसेज डिलीट केले जातात आणि गुन्हेगार मोकळा सुटतो. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख, खात्याचे नाव जपून ठेवा, मगच त्या माणसाला ब्लॉक करा. आणि धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की तो पुन्हा मागतो.

कायदे होत राहतील, बदलत राहतील. कंपन्यांना वेसण घालायची मागणी आपण जरूर करावी. पण मुलगी अडचणीत सापडेल तेव्हा सगळ्यात आधी तिला घरातले कोणीतरी हवे असते, न ओरडता ऐकून घेणारे.

पुढच्या दावतीत टीव्हीवर अशीच एखादी बातमी लागेल. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीला आत जाऊ देऊ नका. तिला बसवून घ्या आणि विचारा, "बेटा, तुला काय वाटतं?" या विषयातले आपल्यापेक्षा तिला जास्त कळत असण्याची शक्यता आहे.