एका माणसापुरते छप्पर

काही वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत, सह्याद्रीतल्या एका पठारावर मी स्वतः शिवलेल्या तंबूत रात्र काढली. वजन वाचावे म्हणून एकपदरी नायलॉन घेतले होते आणि थंडी वाजू नये म्हणून दोन्ही तोंडे बंद करून कडा जमिनीला टेकवल्या होत्या. पहाटे जाग आली ती कपाळावर पडलेल्या थेंबाने. स्लीपिंग बॅग पायाकडे ओली झाली होती. बाहेर आभाळ स्वच्छ, पावसाचे नाव नाही. मग हे पाणी आले कोठून? ते रात्रभर मीच तयार करत होते!

आपल्याकडे एवढ्यावर निभावते. हिमालयात मात्र भिजलेली बॅग जिवावर बेतू शकते, कारण पिसे भिजून चिकटली की त्यांच्यात अडकलेली हवा जाते, आणि ऊब त्या हवेचीच असते. म्हणून हलका तंबू बेतताना पहिला हिशेब पावसाचा नव्हे, श्वासाचा करावा लागतो.

तो करून पाहू. ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब कापड मधोमध १ मीटर उंचीवर ताणले, तर दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचा उतार मिळतो. पायथागोरसच्या प्रमेयाने जमिनीवरची रुंदी सुमारे २.२ मीटर येते आणि आतली जागा सुमारे २.७ घनमीटर. आता समजा बाहेर १० अंश सेल्सियस तापमान आहे. या तापमानाला १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ७० टक्के असेल तर त्यातली ६.६ ग्रॅम आधीच भरलेली आहे. राहिली जागा २.८ ग्रॅमची, सगळ्या तंबूत मिळून साधारण साडेसात ग्रॅमची. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला अंदाजे ३० ग्रॅम वाफ सोडतो. म्हणजे पाव तासात तंबू भरला! पुढची वाफ थंड कापडावर पाणी होऊन बसणार. आठ तासांत हे पाणी पेलाभर तरी होते. ते टाळायचे तर आतली हवा तासातून निदान चार वेळा बदलली पाहिजे.

प्रत्यक्षात चार वेळाही पुरत नाही. निरभ्र रात्री कापड आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होते. उघड्यावरच्या गवतावर दव पडते आणि झाडाखालचे गवत कोरडे राहते, त्याचेही कारण हेच. तेव्हा तंबू झाडाखाली लावणे हा वजन न वाढवता करता येण्याजोगा सर्वांत चांगला उपाय! (फांदी वाळकी नाही ना, हे आधी पाहावे.) कोकणात भातलावणीला वापरतात ते इरलेही पुढून उघडेच असते. आत घाम गाळणाऱ्या माणसाला ते कोंडत नाही. माझ्या बंद तंबूपेक्षा ते अधिक विचारपूर्वक केलेले होते, हे मला उशिरा कळले.

कडा वर उचलल्या की वारा आत येतो, आणि दुसरा प्रश्न उभा राहतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गडमाथ्यावर १ घनमीटर हवेचे वस्तुमान जवळपास १ किलो धरा. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल, तर दाब ५० पास्कल येतो. आपल्या तंबूची वाऱ्यासमोर येणारी बाजू २.४ चौरस मीटर आहे, म्हणजे बल १२० न्यूटन, साधारण १२ किलो वजनाइतके. वेग दुप्पट झाला की तेच ४८ किलो. म्हणूनच तंबूची लांब बाजू वाऱ्याला कधी देऊ नये.

आता एक प्रयोग. दोन विद्यार्थ्यांना दोरीची टोके धरू द्या, मधोमध पाण्याची भरलेली बाटली टांगा आणि दोरी अगदी सरळ करायला सांगा. कितीही ओढली तरी ती सरळ होत नाही. उलट जितकी सरळ, तितकी हाताला ओढ जास्त. तंबूच्या कापडाचेही तसेच आहे. दीड मीटर रुंदीत कापड २ सेंटिमीटरच फुगले, तर त्याच ५० पास्कल दाबाला दर मीटरमागे ७०० न्यूटन ताण येतो. १० सेंटिमीटर फुगले तर १४०. मग कापड सैल ठेवावे का? सैल कापड रात्रभर फडफडते आणि शिवणी उसवतात. यावर तोड अशी, की कण्याची आणि कडांची शिवण सरळ रेषेत न करता किंचित वक्र कापायची. मग कापड घोड्याच्या खोगिरासारखे दोन दिशांना उलटसुलट वळते आणि ताठही राहते. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक स्टेडियमचे छप्पर फ्रेइ ओटो यांच्या याच विचारावर उभे आहे.

कापडाचे थोडक्यात सांगते. ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. ३० डेनियरचे सिलिकॉन चढवलेले नायलॉन चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम भरते. पण नायलॉन दमट हवेत पाणी शोषून लांबते, आणि संध्याकाळी ताणलेला तंबू मध्यरात्री ढिला पडतो. पॉलिएस्टर जवळपास पाणी शोषत नाही. डायनीमाचे पातळ कापड याहून हलके, पण किंमत ऐकून मी ते परत ठेवले. अर्थात महाग कापडावाचून काही अडत नाही. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, एमा गेटवुड या आजी अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकट्या चालल्या, तेव्हा त्यांच्यापाशी तंबू नव्हता. न्हाणीघरात लावतात तसला प्लॅस्टिकचा पडदा होता.

माझ्या दुसऱ्या तंबूला तोंडेच नाहीत. ७.२ चौरस मीटर पॉलिएस्टरचे ३२५ ग्रॅम, सहा खुंट्या आणि दोरी धरून साडेचारशेच्या आसपास. खांब म्हणून चालायच्या काठ्या, त्या हातात असतातच. झोपल्यावर डोक्याकडे आणि पायाकडे वीतदीड वीत कापड जास्त उरते, ते तिरक्या पावसासाठी. मागच्या डिसेंबरात त्यात झोपले. रात्री दोनदा वाऱ्याने जाग आली. बॅग मात्र कोरडी होती.