स्कूल बसचं करकरणारं स्टिअरिंग

मेकॅनिकलवाल्यांना बेअरिंग म्हटलं की मशीन डिझाइनचा पेपर आणि डेटा बुकातली एल-टेन लाइफ आठवते. पुस्तकातलं बेअरिंग मिनिटाला हजारभर फेरे फिरतं. आज ज्या बेअरिंगबद्दल लिहायचंय, ते दिवसभरातही तेवढं फिरत नाही आणि त्याच्यावर लोड म्हणावा असा लोडही नसतो. सूत्रात आकडे घातले तर हे बेअरिंग बसपेक्षा, ड्रायव्हरपेक्षा आणि आपल्या सिलॅबसपेक्षाही जास्त टिकेल असं उत्तर येतं. प्रत्यक्षात काही पावसाळ्यांतच ते करकरायला लागतं. कारण ते झिजून मरत नाही, गंजून मरतं, आणि गंज त्या सूत्रात कुठंच नाही.

आधी जागा समजून घेऊ. स्टिअरिंग व्हीलखाली जी नळी दिसते ती कॉलम. तिच्या आत शाफ्ट, आणि शाफ्टला आधार द्यायला दोन बेअरिंग: एक वर व्हीलजवळ, दुसरं खाली, ड्रायव्हरच्या पायाशी. तिथून पुढे क्रॉस, म्हणजे आपला युनिव्हर्सल जॉइंट, मग मधला शाफ्ट, आणखी एक क्रॉस आणि शेवटी स्टिअरिंग बॉक्स. शाफ्ट जिथे फ्लोअरमधून खाली जातो तिथे भोक असतं आणि त्यावर रबरी बूट. हा बूट फाटला की खालच्या बेअरिंगचे हाल सुरू होतात.

पाणी दोन्हीकडून येतं. खालून चाकानं उडवलेला चिखल, तर वरून बादली. वरच्या बादलीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्कूल बस एसटीपेक्षा जास्त वेळा आतून धुतली जाते, कारण आत काय काय सांडतं ते विचारू नका. डब्यातली भाजी, वॉटर बॅगमधलं सरबत, घाटात कुणाला तरी झालेली उलटी. क्लीनर साबणपाणी मारून फ्लोअर स्वच्छ करतो, ते त्याचं कामच आहे. पण ते पाणी जिथे वाट मिळेल तिथे उतरतं, आणि ती वाट बऱ्याचदा या बुटाशेजारून जाते. साबणानं ग्रीसही धुऊन निघतं. कोकणात आणि मुंबईत यात खाऱ्या हवेची भर.

आता कुणी म्हणेल, बेअरिंगच्या स्टीलमध्ये क्रोमियम असतं, मग गंजतं कसं? आपण वर्कशॉपमध्ये ज्याला ईएन ३१ म्हणतो त्यात क्रोमियम असतं साधारण दीड टक्का आणि कार्बन एक टक्का. हे क्रोमियम स्टील आरपार कडक व्हावं म्हणून घातलेलं असतं. गंज अडवायला किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे ग्रीसचा थर गेला की हे स्टील खिडकीच्या गजाइतकंच उघडं पडतं.

त्यात या बेअरिंगचं दुर्दैव असं, की ते पूर्ण फिरतच नाही. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन-चार अंश इकडे, दोन-चार अंश तिकडे हलत राहतं. छर्रे एकाच जागी घासतात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं आणि परत येत नाही. धातूचा जो बारीक चुरा निघतो तो हवेत तांबूस होतो. हा तांबूस चुरा म्हणजे आयर्न ऑक्साइड, जवळजवळ पॉलिश पेपरची पूड. शिवाय ज्या लोखंडातून तो बनला त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याला लागते. बेअरिंगमधला क्लिअरन्स असतो मायक्रॉनमध्ये. तो भरून गेला की बेअरिंग अडकणार, यात नवल काय?

बस उभी असेल तर आणखी वाईट. छर्रा आणि रेस यांच्यातल्या फटीत पाणी केशाकर्षणानं धरून राहतं आणि बरोबर छर्ऱ्यांच्या अंतरावर खड्डे पाडतं. असं बेअरिंग उघडून पाहिलं तर रेसवर एकसारख्या अंतरानं काळे डाग दिसतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत बस उभी, जूनच्या मध्यावर शाळा सुरू (विदर्भात थोडी उशिरा) आणि त्याच सुमाराला पाऊस. कोविडच्या काळात तर बऱ्याच बसनी २०२० आणि २०२१ असे दोन पावसाळे उभ्यानं काढले.

एवढं सगळं झालं तरी पॉवर स्टिअरिंग आहेच की, थोडं जड झालं तर काय बिघडलं? हा प्रश्न गॅरेजमध्येही ऐकू येतो, आणि इथेच खरी गंमत आहे.

बेअरिंगची त्रिज्या समजा १५ मिमी आणि स्टिअरिंग व्हीलची २२५ मिमी. गुणोत्तर १:१५. म्हणजे ड्रायव्हरच्या हाताला एक किलोचा जादा जोर जाणवला, तर बेअरिंगवर पंधरा किलोचं घर्षण आहे. हाताला कळेपर्यंत आतली अवस्था फार पुढे गेलेली असते.

दुसरी गोष्ट पॉवर स्टिअरिंगची. बसच्या नेहमीच्या हायड्रॉलिक रचनेत व्हॉल्व्ह असतो खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये. आत एक बारीक टॉर्शन बार असतो. ड्रायव्हरनं व्हील फिरवलं की तो पिळला जातो, व्हॉल्व्ह उघडतो आणि तेलाचा दाब मदतीला येतो. हात सैल सोडला की पीळ सुटतो, मदत थांबते आणि चाकं आपोआप सरळ होऊ लागतात. गंजलेलं बेअरिंग या टॉर्शन बारच्या वर आहे. त्यामुळे एक तर त्याच्या घर्षणाला पॉवरची मदत मिळतच नाही. आणि दुसरं म्हणजे ड्रायव्हरनं हात सैल सोडला तरी वरचा शाफ्ट तिथेच अडकून राहतो, पीळ सुटत नाही, व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. वळण संपलं तरी बस वळायचं म्हणते! ड्रायव्हरला ती ओढून सरळ करावी लागते. मग ती जरा जास्त सरळ होते, की पुन्हा उलटं. अरुंद रस्ता, समोरून ट्रक आणि मागे चाळीस पोरं, अशा वेळी हे नको असतं.

दोष याच बेअरिंगचा आहे हे ओळखायचं कसं? स्टिअरिंग जड होण्याची कारणं ढीगभर: टायरमध्ये हवा कमी, किंगपिन कोरडी, स्टिअरिंग ऑइल कमी, क्रॉस जाम. पद्धत सोपी आहे. चाकं सरळ, इंजिन बंद. कॉलमच्या खालच्या टोकाला क्रॉस सोडवायचा, पण त्याआधी शाफ्ट आणि क्रॉसवर रंगाची एक सलग रेघ मारून ठेवायची, नाहीतर जोडताना एक दाता मागेपुढे होतो. आता व्हील दोन बोटांनी फिरवा. गुळगुळीत फिरलं तर दोष खाली आहे, कॉलमला हात लावू नका. करकर झाली, खाचेत अडकल्यासारखं वाटलं, किंवा व्हील वर-खाली हलवल्यावर टकटक वाजलं, तर बेअरिंग गेलं.

गॅरेजमधला पहिला उपाय म्हणजे स्प्रे, रॉकेल किंवा डिझेल मारणं. करकर थांबते आणि सगळे खूश होतात. पण पातळ तेल उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढतं आणि काही दिवसांत आवाज दुप्पट जोरात परत येतो. ब्रेक ऑइल ओतणारेही महाभाग आहेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे औषध म्हणून रोगच पाजल्यासारखं. खड्डे पडलेल्या रेसला औषध नाही, बेअरिंग बदलायचं.

बदलताना व्हील पुलरनंच काढायचं. शाफ्टच्या डोक्यावर हातोडा मारायचा नाही, कारण अपघातात दबणारा कॉलम असेल तर आतल्या प्लॅस्टिकच्या पिना तुटतात आणि वरून काही कळत नाही. शाफ्टवरचा वरवरचा गंज पॉलिश पेपरनं जातो. नख फिरवा. बेअरिंगच्या जागी नख अडलं, म्हणजे खड्डा किंवा पायरी आहे, तर शाफ्टही बदला. नवीन बेअरिंग नंबर बघून घ्या, नुसतं मापानं नको. ६२०५ मधला ०५ गुणिले पाच म्हणजे २५ मिमीचं भोक, हे व्हायवात विचारतात. पण मागची टू-आरएस ही अक्षरं, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील, इथे जास्त महत्त्वाची. काही कॉलममध्ये वेगळ्या घडणीचं बेअरिंग स्प्रिंग आणि प्लॅस्टिक कॉलरसकट येतं, तिथे कंपनीचाच भाग घ्यावा. बसवताना जोर घट्ट बसणाऱ्या रिंगवर द्यायचा. तो छर्ऱ्यांमधून गेला तर नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खड्डे. क्रॉसचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून आरपार गेला पाहिजे आणि त्याचा टॉर्क मॅन्युअलमधला. आणि तो रबरी बूट! बेअरिंग नवं आणि बूट तोच फाटका, असं काम मी ट्रेनिंगला होतो तिथे डोळ्यांनी पाहिलंय.

स्टाफपैकी ज्यांची मुलं बसनं जातात त्यांच्यासाठी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं म्हटलंय. तिच्या बैठकीत फी आणि थांबे यांवर भरपूर बोललं जातं. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, बस उभी असताना, ड्रायव्हरला व्हील या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन वेळा फिरवायला सांगावं आणि शेजारी उभं राहून कान द्यावा. त्याला खर्च नाही.

काम झाल्यावर पुढची चाकं जॅकवर उचलून हीच टोकापासून टोकापर्यंतची फेरी, मग हॉर्न वाजतो का ते पाहायचं (व्हील काढलं की त्याची वायर हमखास निसटते), आणि मग रिकामी बस घेऊन एक चक्कर. वळणावर हात सैल सोडल्यावर व्हील आपणहून मागे आलं की दुसऱ्या दिवशी पोरं बसवायला हरकत नाही.